गुरूच्या वाटेवरचा काळा

आमच्याकडे मुलीचं लग्न झालं असं सरळ कोणी म्हणत नाही. ‘ती तिच्या घरी गेली’ असं म्हणतात. लग्न व्हायचं असेल तर ‘अजून घरीच आहे’. दोन्हीकडे शब्द घर हाच, पण पहिलं घर तिचं असतं आणि दुसरं नुसतंच घर. माझ्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत हा प्रश्न आमच्या वडिलांना सगळीकडे विचारला जाई. आटगाव स्टेशनात उतरून शेताच्या बांधावरून ते गावाकडे निघाले की वाटेत कोणीतरी विचारणारच. किन्हवलीचे एक गृहस्थ होते, स्थळं जुळवायचे. ते शहापूरच्या बाजारात भेटले की रामराम घालायच्या आधी विचारत, “काय, मोठी गेली का तिच्या घरी?” वडील म्हणत, “बघतोय.” हे ‘बघतोय’ मी इतकी वर्षं ऐकलं की मला त्या शब्दाचीच चीड यायला लागली होती.

आई आम्ही लहान असतानाच गेली. आम्हाला वाढवलं ते आत्याने. वडील वाशिंदला कारखान्यात जात आणि उरलेल्या वेळात भातशेती बघत. घराचा सगळा कारभार आत्याचा. तिला मुरबाडकडे काळू नदीच्या काठच्या गावात दिलेली होती. नवरा साप चावून गेला आणि ती पुन्हा आमच्याकडे आली. म्हणजे तिच्या घरी जाऊन परत आलेली. म्हणून की काय, आम्हा दोघींना आपापल्या घरी पोचवायचंच, असा तिने चंग बांधला होता.

बहीण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. ती ज्या बाकावर बसून गेली त्याच बाकावर मी बसले, तिचीच पुस्तकं वाचली, तिचेच परकर आखूड करून घातले. तिने केलेलं सगळं मी दोन वर्षांनी करायची. रंगाने ती काळी होती. सावळी म्हणून वेळ मारून नेता येईल इतपत नव्हे, चांगली काळी. बघायला आलेले लोक पोहे संपवत, “कळवतो” म्हणत आणि कळवत नसत.

शहापूरच्या भटजींनी सांगितलं की मुलीला गुरुबळ नाही. आता तिची जन्मवेळ कोणालाच ठाऊक नव्हती. भात झोडायच्या दिवसांत, गुरं परत आली तेव्हा, एवढंच आत्याला सांगता आलं. त्यावरून त्यांनी एक पत्रिका मांडली आणि गुरू अमुक घरात येईपर्यंत थांबा म्हणाले. गुरू एका घरात साधारण वर्षभर मुक्काम करतो. मग पुढच्या घरात जातो. तो योग्य घरात कधी येणार आणि आमची मोठी तिच्या घरी कधी जाणार, हे दोन प्रश्न आमच्याकडे एकच झाले. आमच्या घरात गुरू म्हणजे शाळेतले गुरुजी नव्हेत आणि आकाशातला ग्रहही नव्हे. दरवर्षी येतो येतो म्हणून न येणारा एक पाहुणा होता.

तोवर बहीण एका कामात मुरून गेली होती. ती पाठराखीण म्हणून जायची. नव्या नवरीबरोबर सासरी पाठवतात ती पाठराखीण. पहिले पाच दिवस नवरीच्या सोबतीला राहायचं आणि माहेरचं माणूस न्यायला आलं की तिला घेऊन माहेरी परत यायचं. आमच्या भावकीत, मग गावात, मग शेजारच्या गावांत कोणाचंही लग्न निघालं की हिला बोलावणं येई. डोळखांब, शेणवा, सरळगाव, टोकावडे, कुठे कुठे म्हणून ती गेली नाही! गेल्या गेल्या विहीर कुठे आहे ते बघून घ्यायची, सासूला चहा कितपत गोड लागतो ते ताडायची, आणि नवरीच्या कानात सगळं घालायची. परत आली की आम्हाला एकेका गावाची नक्कल करून दाखवायची. एका घरातल्या सासूबाई मिठाची बरणी उशाशी घेऊन झोपत. आम्ही हसून हसून लोळायचो.

तिला एवढं बोलावणं का येतं याचं एक कारण आत्या एकदा बोलून गेली. “हिच्या बाजूला उभी केली की कुटलीपन नवरी उजळ दिसते.” आत्याच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता, भाताचा भाव सांगावा तसं तिने ते सांगितलं. बहीण तांदूळ निवडत होती. ती निवडत राहिली.

मग गुरूवर धूमकेतूचे तुकडे आदळले ते वर्ष आलं. ऐन पावसाळा होता, आकाश म्हणून काही दिसत नव्हतं, पण पेपरांत रोज काहीतरी यायचं. वडील कारखान्याच्या कँटीनमधला शिळा पेपर घरी आणत आणि ओटीवर बसून मोठ्याने वाचत. गुरूवर काय आदळलं याची आत्याला फारच काळजी होती. एका संध्याकाळी वडिलांनी एक चौकट वाचली. गुरूच्याच वाटेवर, त्याच्या पुढे, बराच लांबून एक प्रचंड दगड चालतो. असे तिथे पुष्कळ आहेत, त्यांतला हा सगळ्यांत मोठा. इथून कसाऱ्याचा घाट चढून नाशिकच्याही कितीतरी पलीकडे पोचेल एवढा लांब. रंगाने कोळशासारखा काळा, अंगावर पडलेला उजेड जवळजवळ सगळा गिळून टाकणारा, त्यामुळे साध्या डोळ्यांना कधीच न दिसणारा. त्याला नाव होतं कुठल्यातरी परदेशी लढाईतल्या वीराचं. वडिलांना ते धड वाचता येईना. म्हणून आमच्या घरात त्याचं नाव काळा असंच पडलं.

“पुडं म्हंजे किती पुडं?” आत्याने विचारलं.

वडिलांनी बोटांवर हिशेब केला. “दोन घरं. गुरू आज जिथं हाय, तिथून हा दोन वर्सांपूर्वीच गेला.”

आत्याच्या हातातला विळा तसाच राहिला. “म्हंजे गुरू ज्या घरात जानार, तितं हा काळा आदीच जाऊन येतो? अरे, मग हाच तर नडतोय आपल्याला. घर उष्टं करून ठेवतो नि गुरू येतो मागनं. कसलं बळ ऱ्हानार त्याच्यात?”

वडील हसले. आत्या हसली नाही. इतक्या वर्षांच्या नकारांना तिला अखेर एक कारण सापडलं होतं, तेही भटजींना न सापडलेलं. बहिणीने मात्र वेगळंच विचारलं. ती चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, “बाबा, तो गुरूभवती फिरतो का?”

वडिलांनी पुन्हा चौकटीत डोकं घातलं. “नाय. फिरतो सूर्याभवतीच. गुरू फिरतो तसाच. वाट तेवढी एक हाय.”

“आनि दोगांतलं अंतर?”

“तेवढंच ऱ्हातं म्हनतायत. जवळ येत नाय, सोडून जात नाय.”

तिने भाकरी उलटली आणि फुंकणीने चूल फुंकायला लागली.

पावसाळा सरला तशी आत्या शहापूरला गेली आणि भटजींना काळ्याची शांत करायला सांगून बसली. हे मी तिच्याबरोबर होते म्हणून मला माहीत. भटजी बिचारे भले गृहस्थ. त्यांनी पंचांग काढलं, दोन्ही बाजूंनी चाळल्यासारखं केलं आणि म्हणाले, “अहो, हा पंचांगातच नाही. नाही त्याची शांत कशी करू?”

“पंचांगात नाय म्हनूनच तर,” आत्या म्हणाली. “बाकी सगल्यांना तुमी पुजता, ह्याला कोनी इचारत नाय. मग तो तरास देनार नाय तर काय करनार?”

भटजींनी पंचांग मिटलं.

ठरलं असं की गुरूची शांत रीतसर करायची आणि त्याच पाटावर बाजूला काळ्यासाठी एक दगड मांडायचा. दगड काळा हवा, वाहत्या पाण्यातला हवा, आणि आत्याच्या मते तो काळू नदीतलाच हवा, कारण नावातच आहे. योगायोग असा की बहीण त्याच आठवड्यात एका चुलत बहिणीची पाठराखीण म्हणून मुरबाडकडे निघाली होती. आत्याने तिलाच सांगितलं. पाच दिवसांनी ती परतली ती नवरीच्या बॅगेबरोबर स्वतःच्या पिशवीत दगड घेऊन. एसटीत मांडीवर ठेवून आणला होता. पाट्यावरच्या वरवंट्याएवढा, गुळगुळीत, काळाभोर. स्वतःच्या नशिबातला अडथळा तिनेच धुऊन पुसून घरी आणला, याचं कोणाला काही वाटलं नाही. मला वाटलं, पण बोलायची माझी छाती नव्हती.

पाटावर पिवळं कापड घातलं, गुरूसाठी हरभऱ्याची डाळ मांडली. दगडापाशी येऊन भटजी अडले. “काळे तीळ शनीचे, उडीद राहूचे. याला काय वाहू?” आत्याने कोठीतून ओंजळभर भात आणून त्याच्यासमोर ठेवला. “ह्यो वाहा. आमच्याकडं ह्योच हाय.” मग भटजींनी नाव विचारलं. नाव कोणालाच घेता येत नव्हतं. शेवटी ते नुसतं ‘अज्ञाताय’ असं काहीतरी म्हणाले आणि अक्षता टाकल्या.

शांत झाल्यावर दगड ओहोळात सोडून यायचा होता, मागे न बघता. बहीण गेली. थोड्या वेळाने परत आली तर दगड तिच्या कडेवर. आत्याने कपाळावर हात मारला.

“त्यानं काय केलंय गो आत्या?” बहीण म्हणाली. “तो त्याच्या वाटेनं चाललाय. त्याला कशाला बुडवायचा?”

मोठा आवाज न करता ती हे बोलली. आमच्या मागच्या दाराची कडी मोडलेली होती, वाऱ्याने ते दार सारखं आपटायचं. तिने दगड त्या दाराला लावून ठेवला आणि ती हातपाय धुवायला गेली. तेव्हापासून तो तिथेच राहिला.

त्यानंतरही स्थळं आली. एक मुलगा कल्याणला नोकरीला होता, लोकलच्या टाइमाचं बोलत राहिला आणि पास दाखवून गेला. एकाने चार माणसांत माझ्याकडे बोट करून विचारलं, “आणि ह्या?” त्या रात्री जेवताना बहीण वडिलांना म्हणाली, “बाबा, मला पुडं ठेवून हिला अडवू नका.” वडील उठून गोठ्यात गेले. बराच वेळ म्हशीशी बोलत बसले.

माझं लग्न टोकावड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात ठरलं. नवरा मुरबाडला दुकानात कामाला, सासू शेत बघणारी. पाठराखीण म्हणून कोण येणार हे कोणी विचारलंसुद्धा नाही. वरातीच्या गाडीत ती माझ्या बाजूला बसली. मला आठवतं, मी रडत होते ती माहेर सुटलं म्हणून नव्हे. मी तिच्या घराच्या वाटेवरून तिच्या आधी चालले होते, आणि दोन वर्षांचं ते अंतर पहिल्यांदाच मोडलं होतं. ते मला सहन होत नव्हतं. तिने पदराने माझं नाक पुसलं आणि म्हणाली, “गप. काजळ गालावर येतंय. माज्या बाजूला बसूनपन काळी दिसशील.” मी रडतारडता हसले. तिचं हे असंच होतं.

माझ्या सासरच्या गावावरून रस्ता तसाच वर जातो आणि डोंगरातल्या एका वाडीवर संपतो. तिसऱ्या दिवशी बहीण सासूबाईंबरोबर लाकडांसाठी त्या वाडीपर्यंत गेली. परत आल्यावर भांडी घासताना तिने मला विचारलं, “वरच्या पोरांना कोन शिकवतो?” कोणी नाही, असं सासूबाई म्हणाल्या. एका संस्थेने बालवाडी काढली होती, पण येणारी प्रत्येक बाई थोडे दिवस राहून जीपने परत जायची. तिथल्या लोकांची घरातली बोली वेगळी, पाणी लांब, वीज नाही.

परक्या गावात जाऊन कसं राहायचं हे तिच्याइतकं कोणाला येत होतं? इतकी वर्षं ती दुसरं काय शिकली होती? पाचव्या दिवशी ती मला घेऊन माहेरी आली, आणि महिन्याच्या आत वडिलांना सांगून, आत्याशी भांडून, पुन्हा माझ्या सासरी आली. या वेळी कोणाचीही पाठराखीण नव्हती.

पहिली काही वर्षं ती आमच्याकडेच राहून रोज वर चालत जायची. माझे सासरचे लोक वाईट नव्हते, पण लोकांची तोंडं कोण धरणार? बहिणीच्या घरी राहते, असं म्हणत. वाडीवरच्या पोरांनी तिला आपली बोली शिकवली आणि तिच्याकडून अक्षरं घेतली. पोरं तिचा हात आपल्या हाताशी लावून बघत आणि रंग जुळला की खूश होत. हे तिने मला हसत सांगितलं. सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच.

मग एका उन्हाळ्यात वाडीच्या बायका म्हणाल्या, ताई, तुमी हितंच ऱ्हावा. बालवाडीच्या बाजूला त्यांनी जागा दिली. कारवीच्या कुडाच्या भिंती उभ्या केल्या, शेणामातीने लिंपल्या, वर कौलं चढवली. सगळं झालं, दार राहिलं.

ही बातमी मी माहेरी जाऊन वडिलांना सांगितली तेव्हा ते शिडी लावून माळ्यावर चढले. तिथे सागाच्या फळ्या होत्या. मोठीच्या लग्नात पलंग द्यायचा म्हणून फार पूर्वी घेऊन ठेवलेल्या. दर दिवाळीला त्या पुसायचे आणि परत ठेवायचे. आत्या खालून ओरडली, “अरे, लग्नाच्या फळ्या त्या!”

“मंग?” वडील वरून म्हणाले. “तिच्या घरालाच लावतोय ना!”

सुताराकडून त्यांनी दार करून घेतलं. मुरबाडहून जीपच्या टपावर बांधून ते माझ्या सासरच्या गावापर्यंत आलं आणि तिथून वाडीच्या माणसांनी खांद्यावर वर नेलं. दार बसलं. आत्याने पिशवीतून काहीतरी जड काढून उंबऱ्याशी ठेवलं. काळू नदीतला तो दगड होता. आटगावपासून ती मांडीवर घेऊन आली होती. “ह्यो घे तुजा सोबती,” म्हणाली. “आमच्या मागच्या दाराला मी नवी कडी लावलीय.”

मग ती मला म्हणाली की बहिणीची ओटी भर, नव्या घरात पाऊल टाकतेय. आत्या विधवा, तिने कधी कोणाची ओटी भरलेली नव्हती. बहिणीचीही कधी कोणी भरली नव्हती. बहीण म्हणाली, “आत्या, तूच भर.” आत्या क्षणभर इकडेतिकडे बघत राहिली. मग दोन्ही हातांनी तांदूळ घेतले. ओटीत घालताना अर्धे तांदूळ खाली सांडले. ते आम्ही तिघींनी वेचले.

निघायच्या वेळी आत्याला पुन्हा काळजी लागली. एकटी कशी राहणार ही? मी म्हणाले, मी राहते पाच दिवस. “लगीन नाय, वरात नाय, पाठराखीण कसली?” असं पुटपुटत ती वडिलांबरोबर खाली उतरली, पण परत येऊन माझ्या हातात एक नारळ देऊन गेली. रीत म्हणून.

ते पाच दिवस मी तिच्या नव्या घरात राहिले. विहीर कुठे ते बघितलं, पाणी आणलं, चूल सारवली. खरं तर सगळं तिलाच माहीत होतं, पण तिने मला करू दिलं. दिवेलागणीला आम्ही दाराशी बसलो होतो. डोंगराच्या वर गुरू उगवून आला होता, पिवळसर, टपोरा. तिने हात लांब करून त्याच्या खालची काळोखी बाजू दाखवली, जिथून अजून काहीच वर आलं नव्हतं. “काळा तितं कुटंतरी असंल. दिसत नाय.”

मी तिला विचारलं, “एवढ्या नवऱ्यांच्या मागे मागे गेलीस, तुला कधी वाईट नाही वाटलं?” नवऱ्यांच्या म्हणजे नवरींच्या म्हणायचं होतं, ती खो खो हसली. मग गंभीर झाली. “वाटलं गो. लय वाटलं. पन मी कोनाच्या भवती फिरले नाय. वाट तेवढी एकच होती.”

पाचव्या दिवशी वडील मला माहेरी न्यायला आले. पाठराखिणीला पाचव्या दिवशी न्यायचं असतं, तसे स्वच्छ सदरा घालून, हातात लाडवांचा डबा घेऊन आले. बहिणीने त्यांना चहा दिला. ते दारावरून एकदा हात फिरवून निघाले. आम्ही जीपने मुरबाडला उतरलो आणि स्टँडवर शहापूरच्या एसटीची वाट बघत उभे राहिलो. तेवढ्यात किन्हवलीचे ते गृहस्थ समोरून आले. खूप म्हातारे झाले होते, पण प्रश्न तोच. “काय, मोठी गेली का तिच्या घरी?”

मी वडिलांकडे बघितलं. त्यांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“गेली की,” ते म्हणाले. “ह्या धाकटीला पाठराखीण धाडली होती. हिलाच न्यायला आलो.”